लोखंडी चाक आणि रबरी चाक

आपल्या भंडारा जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. एक डांबरी आणि दुसरा लोखंडी. डांबरी रस्ता म्हणजे मुंबईकडून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. कारधा येथे तो वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोलीकडे निघून जातो. लोखंडी रस्ता म्हणजे मुंबई–हावडा रेल्वेमार्ग. भंडारा रोड आणि तुमसर रोड ही या मार्गावरील आपली स्टेशने. भंडारा रोड स्टेशन शहरात नाही. ते सुमारे दहा किलोमीटर दूर वरठी येथे आहे.

या दोन रस्त्यांवर रात्रंदिवस चाके फिरत असतात आणि त्या चाकांवर हजारो घरांची चूल पेटते. कोणी गॅरेजात मिस्त्री आहे, कोणी ट्रकचालक आहे, कोणी एस.टी.च्या आगारात काम करतो, तर कोणी रेल्वेच्या रुळांवर पहारा देतो. यांपैकी काही जण केवळ पगारासाठी काम करतात. पण काही जण असे असतात की त्यांना गाडीचा खरोखर नाद असतो. सुट्टीच्या दिवशीही ते आपली जुनी स्कूटर खोलून बसतात. गाडी दिसण्यापूर्वी नुसत्या आवाजावरून ती कोणत्या कंपनीची आहे हे सांगतात. मुलांनो, हा नाद म्हणजे काय, तो कशाच्या जोरावर टिकतो आणि माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे आज आपण पाहू. पण आधी चाकांची ओळख करून घेतली पाहिजे.

रुळावरचे चाक

रेल्वेचा डबा वळणावर कसा वळतो? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर सोपे नाही.

रेल्वेची दोन चाके एका जाड लोखंडी दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. या दांड्याला आस म्हणतात. डावे चाक एकदा फिरले की उजवे चाकही एकदाच फिरते. पण वळणावर बाहेरचा रूळ लांब असतो आणि आतला आखूड. मैदानात धावताना तुम्ही पाहिले असेल की बाहेरच्या रेषेवरून धावणाऱ्या मुलाला जास्त धावावे लागते. मग एकाच आसावरची दोन चाके कमीजास्त अंतर कसे कापतात?

याचे रहस्य चाकाच्या आकारात आहे. रेल्वेचे चाक नळीसारखे सरळ नसते. ते किंचित शंकूसारखे उतरते असते. डब्याच्या आतल्या बाजूला ते थोडे मोठे आणि बाहेरच्या बाजूला थोडे लहान असते. हा उतार साधारणपणे २० मिलिमीटरला १ मिलिमीटर इतका असतो. डोळ्यांना तो सहज दिसतही नाही. वळणावर डबा थोडा बाहेरच्या बाजूला सरकतो. त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या भागावर चालते आणि आतले चाक आपल्या लहान भागावर. मोठ्या घेराचे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, लहान घेराचे कमी. अशा रीतीने एकच आस वळण पार करते. चाकाच्या आतल्या बाजूला एक उंच कड असते. ती चाकाला रुळावरून घसरू देत नाही. पण सरळ मार्गावर आणि साध्या वळणावर खरे काम त्या उताराचे आहे. कड ही राखणदार आहे.

हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. चहाचे दोन कागदी पेले घ्या. त्यांची तोंडे एकमेकांना जोडून चिकटपट्टी लावा. दोन सरळ काड्या समांतर ठेवून उताराचे रूळ तयार करा आणि पेल्यांची जोडी त्यांवर सोडा. ती थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे डुलेल, पण रुळांवरून चालत राहील. आता पेल्यांचे तळ एकमेकांना जोडा आणि तीच जोडी पुन्हा सोडा. ती लगेच खाली पडेल. एका पैशाचा खर्च न करता तुम्हाला रेल्वेचा एक मोठा नियम समजेल.

लोखंडावर लोखंड फिरते तेव्हा फार थोडी ताकद वाया जाते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेवरच होतो. म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे. जी गाडी सहज धावते ती सहज थांबत नाही. वेगात असलेल्या जड गाडीला थांबायला बहुतेक वेळा एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. चालकाने माणूस पाहिला, शिट्टी वाजवली, ब्रेक लावला, तरी गाडी पुढे येतच राहते. फाटक बंद असताना खालून वाकून जाणाऱ्यांनी ही गोष्ट कधी विसरू नये. तेथे चालकाचे कौशल्य उपयोगी पडत नाही. तेथे आपला संयमच उपयोगी पडतो.

रस्त्यावरचे चाक

मोटारीचे चाक रबराचे. रबर रस्त्याला धरून ठेवते. त्यामुळे मोटार चढ चढते, पटकन वळते आणि रेल्वेपेक्षा खूप लवकर थांबते. पण वळणाची अडचण मोटारीलाही आहेच. तिच्या चाकांना उतार नसतो. मग ती काय करते?

ट्रकच्या मागे उभे राहून खाली पाहा. मागच्या दोन चाकांमध्ये आसाच्या मधोमध एक गोल फुगीर भाग दिसतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्याच्या पोटात दात असलेली लहानमोठी चक्रे असतात. इंजिनाची ताकद तेथे येते आणि दोन्ही चाकांना वाटली जाते. पण ही वाटणी अशी असते की वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरू शकते आणि आतले कमी. आस एकसंध नसते, तिचे दोन भाग असतात. जे काम रेल्वे चाकाच्या आकाराने करते, ते मोटार दात्यांच्या चक्रांनी करते. प्रश्न एकच, उत्तरे दोन.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे गिअरबॉक्स. समजा, २० दात असलेले लहान चक्र ६० दात असलेल्या मोठ्या चक्राला फिरवते. लहान चक्राच्या तीन फेऱ्या झाल्या की मोठ्याची एक फेरी होते. म्हणजे वेग तिसरा हिस्सा राहिला, पण फिरवण्याचा जोर जवळजवळ तिप्पट झाला. माल भरलेला ट्रक जागेवरून हलवायचा असेल, तेव्हा वेग नको, जोर हवा. म्हणून चालक पहिला गिअर टाकतो. गाडी पळू लागली की जोर कमी आणि वेग जास्त हवा. मग तो वरचे गिअर टाकत जातो.

रेल्वेच्या विजेच्या इंजिनाला मात्र असे गिअर बदलावे लागत नाहीत. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पुरा जोर देते. डिझेल इंजिनात आणखी गंमत आहे. आपल्याकडच्या मोठ्या रेल्वे इंजिनांत डिझेल थेट चाके फिरवत नाही. ते वीज तयार करणारे यंत्र फिरवते, आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी चालतात. म्हणजे ते स्वतःचे वीजघर सोबत घेऊन धावणारे इंजिन आहे.

आपल्या जिल्ह्याचा वाटा

ट्रकसाठी लागणारे गिअरबॉक्स आपल्याच जिल्ह्यात तयार होतात, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. महामार्गावर गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना आहे. तो १९८२ च्या सुमारास सुरू झाला. या कंपनीची सुरुवात १९४८ मध्ये ‘अशोक मोटर्स’ या नावाने झाली. संस्थापक रघुनंदन सरन यांनी आपल्या मुलाच्या नावावरून हे नाव ठेवले होते. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडच्या लेलँड कंपनीचे नाव त्याला जोडले गेले.

वरठी येथे सनफ्लॅग कंपनीचा पोलाद कारखाना आहे. तेथे खास प्रकारचे पोलाद तयार होते आणि मोटारींचे भाग बनवण्यासाठी ते वापरले जाते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजमुळे पोलाद कठीण आणि मजबूत होते. रेल्वेच्या रुळाच्या पोलादातही साधारण एक टक्का मँगनीज असते. असे रूळ याच मार्गावर पुढे असलेल्या भिलाई येथे तयार होतात. म्हणजे जमिनीतील काळा दगड, भट्टीतील पोलाद, गिअरचे दात आणि चकाकणारे रूळ, ही सारी एकाच कुटुंबातील भावंडे आहेत.

आपल्या भागात रेल्वे फार पूर्वी आली. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा मार्ग १८८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार झाला. तेव्हा रुळांमधील अंतर एक मीटर होते. पुढे १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि मार्ग रुंद करण्यात आला. आज त्या रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर आहे. याशिवाय आपल्या विभागात ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाईनही होती. पवनी रोड हे स्टेशन ज्या नागपूर–नागभीड मार्गावर आहे, तो असाच होता. रुंद करण्यासाठी तो २०१९ मध्ये बंद करण्यात आला. छोट्या लाईनची जुनी इंजिने पाहायची असतील तर नागपूरला मोतीबाग येथील रेल्वे संग्रहालयात जावे. ते २००२ मध्ये सुरू झाले. तेथे गेल्यावर चाकाचा नाद म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

कान आणि डोळे

यंत्रावर प्रेम करणारा माणूस यंत्राचे बोलणे ऐकतो. गॅरेजातील जाणता मिस्त्री लांब पेचकसाचे टोक चालू इंजिनावर टेकवतो आणि मुठीला कान लावतो. आत कोणता भाग झिजला आहे, हे त्याला त्या आवाजावरून कळते. रेल्वेतही असेच आहे. गाडी स्टेशनात शिरताना काही कर्मचारी दोन्ही बाजूंना उभे राहून प्रत्येक चाक पाहतात आणि ऐकतात. ब्रेक अडकून चाक रुळावर घासत गेले असेल तर ते एका जागी चपटे होते. मग ते ठक्-ठक् असा आवाज करते. पूर्वी कामगार चाकावर हातोडी मारून त्याचा नाद ऐकत. नाद स्वच्छ आला तर चाक चांगले, बसका आला तर चाकात तडा असण्याची भीती. आसाच्या टोकाची पेटी हाताने चाचपून ती तापली आहे का, हेही पाहत. आता त्यासाठी उष्णता मोजणारी यंत्रे आली आहेत. पण यंत्राने दाखवलेला आकडा वाचून वेळेवर निर्णय घेणारा माणूसच असतो.

रुळांवर चालणारा कीमॅन तर याहून मोठा पहारेकरी. तो हातोडी आणि पाना घेऊन रोज कित्येक किलोमीटर पायी चालतो. सैल झालेली कळ ठोकतो, बोल्ट आवळतो, रुळाला तडा गेला आहे का ते पाहतो. थंडीच्या रात्री पोलाद आकसते आणि रुळाला तडा जाण्याचा धोका वाढतो. आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात तेच पोलाद वाढते आणि रूळ वाकडा होण्याची भीती असते. धोका दिसला की कीमॅन लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावतो आणि रुळावर आवाज करणारे फटाके लावून चालकाला सावध करतो. गाडीत झोपलेल्या प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते.

मिस्त्रीने बोल्ट आवळायचा विसरला किंवा कीमॅनने तडा पाहिला नाही, तर शिक्षा दुसऱ्यालाच भोगावी लागते. म्हणून या धंद्यात नाद एकटा पुरत नाही. नादाबरोबर इमानदारी लागते.

रेल्वेतून मोटारीकडे

आता एका माणसाची हकिकत ऐका. त्याचे नाव वॉल्टर क्रायस्लर. त्याचा जन्म १८७५ मध्ये अमेरिकेत झाला. वडील रेल्वे इंजिन चालवीत. वॉल्टर रेल्वेच्या कारखान्यात झाडू मारण्याच्या कामावर लागला. पुढे त्याला शिकाऊ कामगार म्हणून घेण्यात आले. शिकाऊ कामगाराची मजुरी झाडूवाल्यापेक्षाही कमी होती. तरी त्याने ती पत्करली, कारण त्याला पैशापेक्षा हुन्नर हवा होता. आपली पुष्कळशी हत्यारे त्याने स्वतःच्या हातांनी तयार केली. एवढेच करून तो थांबला नाही. काम करता करता त्याने टपालाद्वारे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले.

१९०८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याने एक मोटार पाहिली. किंमत ५,००० डॉलर. त्याच्याजवळ होते फक्त ७००. उरलेले पैसे उसने घेऊन त्याने ती मोटार विकत घेतली. लोकांना वाटले, आता हा रोज मोटारीतून फिरणार. पण त्याने ती घराजवळच्या कोठारात ठेवली आणि तिचा एकेक भाग सुटा केला. पुन्हा जोडला, पुन्हा सुटा केला. कित्येक आठवडे हेच चालले. मोटारीचे पोट पुरते समजल्यावरच त्याने ती रस्त्यावर आणली.

पुढे तो रेल्वे इंजिने तयार करणाऱ्या ‘अल्को’ कंपनीत मोठ्या पदावर गेला. तेथून तो मोटारींच्या कारखान्यात आला, तेही कमी पगारावर. १९२५ मध्ये त्याने स्वतःची क्रायस्लर कंपनी स्थापन केली. न्यूयॉर्कमध्ये १९३० साली पूर्ण झालेल्या ७७ मजली क्रायस्लर इमारतीत त्याने आपली जुनी हत्यारे लोकांना पाहण्यासाठी ठेवली होती. आणखी एक योगायोग पाहा. भारतीय रेल्वेने १९६२ पासून वापरलेली डब्ल्यू.डी.एम.-२ ही प्रसिद्ध डिझेल इंजिने याच अल्को कंपनीच्या आराखड्याची होती. पुढे ती वाराणसी येथे तयार होऊ लागली.

क्रायस्लर एकटा नव्हता. इंग्लंडचा हेन्री रॉइस हा गरीब घरातील मुलगा. लहानपणी तो वर्तमानपत्रे विकत असे. तोही रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिला, पण पैसे संपल्यामुळे त्याला ते शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मग नोकरी करून त्याने रात्रीच्या वर्गांत अभ्यास केला. रोल्स-रॉइस या जगप्रसिद्ध मोटारीच्या नावातील रॉइस तो हाच.

नाद आणि शाळा

या दोघांच्या हकिकतीत एक गोष्ट सारखी आहे. हातात पाना होता तेव्हाही त्यांनी पुस्तक सोडले नाही.

आपल्या वस्तीत काय दिसते? आठवी-नववीतला एखादा हुशार मुलगा शाळा सोडून गॅरेजात जातो. घरची अडचण असते, हे खरे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, पण त्यापुढची मुलेही शाळेला मुकतात. उस्तादाजवळ राहून हात चांगला बसतो, यात शंका नाही. उस्तादाचा मान राखलाच पाहिजे. पण आज गाड्या बदलल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस.-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. इंजिनात संगणक आणि बारीक विद्युत यंत्रे आली. गाडी बंद पडली की आधी संगणकावरचा संदेश वाचावा लागतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर पूर्वीसारखा गिअरबॉक्सही बहुधा नसतो. नुसत्या कानावर विसंबणाऱ्या मिस्त्रीला उद्या ही गाडी उघडताही येणार नाही.

रेल्वेतही असेच झाले. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांना डिझेल शिकावे लागले, डिझेलवाल्यांना वीज शिकावी लागली. आता याच मार्गावरून २०२२ मध्ये सुरू झालेली नागपूर–बिलासपूर वंदे भारत गाडी धावते. जे शिकले ते टिकले.

म्हणून ज्याला चाकांचा नाद आहे त्याने निदान दहावी पूर्ण करावी. नंतर आय.टी.आय.मध्ये फिटर, टर्नर, वेल्डर, मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक असे अनेक अभ्यासक्रम आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात काम शिकताना विद्यावेतनही मिळते. रेल्वेचा सहायक चालक व्हायचे असेल तर दहावीसोबत आय.टी.आय. किंवा पदविका लागते. गणितातील गुणोत्तर समजले तर गिअर समजतो. विज्ञानातील उष्णतेचा धडा समजला तर रूळ का वाकतो ते समजते. आणि मराठी नीट वाचता-लिहिता आली तर अर्ज भरता येतो, कारखान्यातील सूचनाफलक वाचता येतो आणि आपले म्हणणे साहेबांपुढे मांडता येते. उर्दू आपल्या घराची भाषा आहे. मराठी आपल्या कामाची आणि शेजाऱ्यांची भाषा आहे. गाडीची दोन्ही चाके सारखी फिरली तरच गाडी सरळ जाते.

हात काळे झाले म्हणून कोणी लहान होत नाही. ज्याच्या हातांवर इतरांचे प्राण विसंबून आहेत तो माणूस मोठाच आहे. त्याच्या हाताला ज्ञानाची जोड मिळाली पाहिजे, एवढेच.

स्वाध्याय

१. रेल्वेचे चाक शंकूसारखे उतरते का असते?
२. डिफरन्शियलचे काम तुमच्या शब्दांत सांगा.
३. १५ दात असलेले चक्र ४५ दात असलेल्या चक्राला फिरवते. मोठ्या चक्राच्या ४ फेऱ्या होण्यासाठी लहान चक्राला किती फेऱ्या माराव्या लागतील?
४. क्रायस्लरने कमी मजुरी का पत्करली? तुम्हाला त्याचा निर्णय योग्य वाटतो का? कारणे द्या.
५. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मिस्त्रीला, चालकाला किंवा रेल्वे कर्मचाऱ्याला भेटा. त्यांच्या कामाविषयी दहा ओळी मराठीत लिहा.